ट्रॉलीत घातलेला हात

आमच्या सिंदी मेघेच्या घरात टीव्हीच्या वर, काचेच्या चौकटीत एक झगा टांगलेला आहे. गडद निळी मखमल, कडेने सोनेरी जरीची नक्षी, आणि बाह्या इतक्या लांब की घालणाऱ्याचे हात दिसूच नयेत. पाहुणा आला की बायको आधी पाणी देते, मग झगा दाखवते. "यायले परदेशात भेटला. तिथल्या सरकारनं सोता अंगावर चढवला." पाहुणा मान वर करून "बाप्पा!" म्हणतो आणि मी काहीतरी निमित्त काढून आत जातो. चौकट तिनंच वर्ध्याहून करून आणली, मी कामावर असताना. संध्याकाळी ती भिंतीवर दिसली तेव्हा मी खूप भांडलो आणि हरलो, कारण कशासाठी भांडतोय हे मला सांगता येत नव्हतं.

मी जिनिंगचा फिटर. घरची शेती हिंगणीला आहे, ती धाकटा भाऊ पाहतो. मी मिसरूड फुटायच्या आत जिनमध्ये शिरलो, तो तिथलाच झालो. कापूस आत येतो, रुई एकीकडे पडते, सरकी दुसरीकडे, आणि मधलं सगळं मला पाठ. डबल रोलर जिनची घरघर लांबून ऐकून कोणता रोलर घासलाय ते मी सांगतो. यात मोठेपणा नाही, मला दुसरं काही येतच नाही.

ज्या कंपनीची यंत्रं मी बसवत असे, तिनं मध्य आशियातल्या एका देशाला जिन विकले आणि ते बसवून एक हंगाम चालवून द्यायला मला पाठवलं. देशाचं नाव लिहीत नाही. माझं कोणी काही वाकडं करणार नाही, मी इथे बसून चहा पितोय. पण ती माणसं अजून तिथेच आहेत.

पहिले पंधरा दिवस मी त्या देशाच्या प्रेमात होतो, हेही सांगून टाकतो. रस्ते धुतल्यासारखे. कापसाला सगळीकडे एकच भाव आणि घेणारं एकटं सरकार. ना दलाल, ना अडत्या, ना मापात हातचलाखी. आपल्याकडे बाजार समितीच्या दारात बैलबंड्या-ट्रॅक्टरांची रांग लागते, माणसं दोन दोन दिवस गाडीखाली झोपतात, शेवटी व्यापारी नाक मुरडतो. तिथे यातलं काहीच नव्हतं. मी फोनवर भावाला म्हणालो, "पाय लेका, याले म्हंतात राज्य!" तो म्हणाला, "मंग तिथंच राहून जा ना!"

हळूहळू दिसायला लागलं. शेत कोणाचंच नव्हतं, सरकारचं होतं. कुठे काय पेरायचं ते वरून कागदावर येई. चौकात एक मोठा फलक होता, त्यावर कोणत्या तालुक्यानं किती कापूस दिला ते रोज लिहीत. जो मागे पडे तिथला बाजार बंद. भाजी विकणारी, चपला शिवणारी, केस कापणारी, सगळी माणसं शेतात. शाळेला कुलूप, कारण मास्तर वेचणीला. दवाखान्यात मी पाठीचं दुखणं घेऊन गेलो तर डॉक्टर नव्हते, तेही वेचणीलाच गेले होते. आपल्याकडे बाया मिळत नाहीत म्हणून कापूस झाडावर लोंबत राहतो, आणि तिथे अख्खं गाव ओळीत लावून दिलेलं. कोणाच्या तोंडावर हसू नव्हतं, पण तक्रारही नव्हती. तक्रार नाही याचंच मला आधी कौतुक वाटलं होतं.

माझी दुभाषी चाळिशी ओलांडलेली शिक्षिका होती. शाळेत भूगोल शिकवायची. हिंदी तिनं टीव्हीवरच्या मालिका बघून स्वतः शिकून घेतली होती, त्यामुळे ती रागवली तरी सासूसारखं छापील बोलायची. मला हसू यायचं. आमची वऱ्हाडी वळणाची हिंदी तिला अर्धीच कळे. "आपकी हिंदी कहाँ की है?" असं तिनं दुसऱ्याच दिवशी विचारलं, आणि "वर्धा की" म्हटल्यावर वहीत लिहून घेतलं, जणू भूगोलात भर पडली.

दुपारी जिनच्या आवारात एका शेवग्यासारख्या दिसणाऱ्या झाडाखाली आम्ही डबे उघडायचो. तिच्या आईनं भाजलेली गोल रोटी ती आणी. रोटी पालथी ठेवली की चटकन सुलटी करायची, पालथी ठेवणं त्यांच्यात अशुभ. मी तुरीचं वरण आणि घरून नेलेलं तिखट काढायचो. तिखटानं तिच्या डोळ्यांत पाणी आलं तरी ती मागून खायची. एकदा मी बोंडातला कापूस चिमटीत धरून नुसत्या बोटांनी सूत ओढून दाखवलं. लहानपणी आमच्या शाळेत टकळी फिरवायला लावत, त्याचं उरलेलं कौशल्य. तिनं विचारलं, "नहीं किया तो?" मी म्हणालो, मास्तर कान धरायचे आणि आम्ही बाहेर जाऊन त्यांना शिव्या द्यायचो. शिव्यांची गोष्ट ऐकताना ती मागे वळून बघायला लागली. मी म्हणालो, अहो, मी तर मंत्र्यालाही देतो, आमच्याकडे सकाळचा चहा त्याशिवाय उतरत नाही. तिनं विषय बदलला.

एक गोष्ट मात्र ती पुन्हा पुन्हा बोलायची. तिची एकुलती एक मुलगी लग्न होऊन दुसऱ्या देशात गेली होती आणि तिला दिवस गेले होते. तिकडे जायचं तर देशाबाहेर पडायचा परवाना लागे, आणि त्या कागदावर ती जिथे काम करते तिथल्या साहेबाची सही लागे. आता ती माझ्यामुळे जिनकडे नेमलेली होती. जिनच्या संचालकानं तिला शब्द दिला होता की हंगाम सुरळीत पार पडला, हिंदुस्थानी यंत्रं नीट चालली, की सही. कागद तिच्या पिशवीत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला असे. तिनं तो मला दोनदा दाखवला. खाली सहीची जागा कोरी होती. "बच्चा जनवरी में," ती म्हणायची आणि बोटांवर महिने मोजायची. मी म्हणायचो, काळजी करू नका, माझी मशीन कधी धोका देत नाही.

आता आमच्याकडची एक रीत सांगावी लागेल.

आमच्या भागात कापूस विकायला आणणारा माणूस त्यावर पाणी मारतो. सगळेच मारतात असं नाही, पण जे मारतात त्यांना कोणी दरोडेखोर समजत नाही. वजन वाढतं. आणि जिनचा माणूस ते पकडतो. वरच्या कापसाकडे बघायचंच नाही. मी ज्या उस्तादाकडे शिकलो तो म्हणायचा, वरचा कापूस पाहुण्यासाठी असते. गाडीत कोपरापर्यंत हात घालायचा, तळातली मूठ ओढून काढायची, पिळायची आणि चारचौघांत ओरडायचं, "काऊन भाऊ, आंघोळ घालून आनला काय?" मग गाडीवाला आईची शपथ घेतो, तुम्ही त्याच्या बापाचा उद्धार करता, बघे हसतात, थोडं वजन कापलं जातं आणि दोघं एकाच टपरीवर चहा पितात. पुढच्या आठवड्यात तोच माणूस पुन्हा पाणी मारून आणतो. चोरी पकडणं हा आमच्याकडे राम राम घालण्याचाच एक प्रकार आहे. माझ्या हाताला ती सवय हाडापर्यंत मुरलेली.

तिथे हंगाम सरत आला तशी शेतं रिकामी झाली. झाडावर नुसत्या नख्या, बोंडांची रिकामी टरफलं उरली, पण फलकावरचा आकडा काही थांबत नव्हता. माणशी रोज इतकं वजन दिलंच पाहिजे, आणि कापूस तर नाही. मग लोकांनी तेच केलं जे कोणीही करेल. पाणी मारलं, ढेकळं घातली. ओला कापूस माझ्या जिनमध्ये येऊ लागला. ओल्या कापसाचा जिनशी उभा दावा असतो. तो रोलरला गुंडाळतो, रोलरवरचं चामडं तापतं, जळका वास सुटतो, सरकी तुटून रुईत जाते. ओलावा मोजायचं यंत्र दारातच होतं, पण त्यावर काहीही दिसलं तरी तिथला माणूस वहीत रोज एकच आकडा लिहायचा. मी दुभाषीला म्हणालो, संचालकाला सांगा. ती म्हणाली, उसको मालूम है. सबको मालूम है. मग मी काय करायचं? ती म्हणाली, मशीन धीरे चलाइए. पंद्रह दिन बाकी हैं.

मी हळू चालवलं. रोज रोलर काढून घासत बसलो. तेवढ्यात राजधानीतून एक मोठा अधिकारी पाहणीला आला.

त्याच्यासोबत पंधरा-वीस माणसं, कॅमेरेवाला, पुढे संचालक. मी बसवलेले बाराही जिन चालू केले. दहा मिनिटांत तीन गुदमरले आणि चौथ्यातून धूर निघाला. अधिकाऱ्यानं काहीतरी विचारलं. संचालक घामानं निथळत माझ्याकडे बोट करून बोलला. दुभाषीनं खालच्या आवाजात मला सांगितलं, "बोलते हैं, इंडिया की मशीन खराब है. फिटर को काम नहीं आता."

माझं डोकं फिरलं. फिटरला काम येत नाही! इतक्या वर्षांत हे मला कोणी म्हटलं नव्हतं, आणि म्हणणारा कोण, तर ज्याला रोलर आणि पोळीचं बेलणं यातला फरक कळत नाही तो. मी म्हणालो, चला माझ्याबरोबर. तरातरा आवारात गेलो. ट्रॉल्या उभ्या होत्या. जवळच्या ट्रॉलीवर चढलो, कोपरापर्यंत हात घातला आणि तळातली मूठ ओढली. पिळली. पाणी मनगटावरून शर्टाच्या बाहीत गेलं. दुसऱ्यांदा हात घातला तर नारळाएवढं ढेकूळ निघालं. ते मी अधिकाऱ्याच्या पायाशी टाकलं. आणि म्हणालो, "इनको बोलिए, मशीन खराब नहीं है. आदमी खराब हैं."

ती त्या ढेकळाकडे बघत होती. मी म्हणालो, बोलिए. मैं जो बोलता हूँ वो बोलिए. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि मग त्यांच्या भाषेत ते वाक्य स्पष्ट, शांतपणे, वर्गात नकाशा समजावून सांगावा तसं सांगितलं.

मी हसण्याची वाट बघत होतो. खरंच. बघे हसतील, संचालक शरमेल, थोडी तूतूमैंमैं होईल आणि चहा येईल. कोणी हसलं नाही. अधिकाऱ्यानं ट्रॉलीवर खडूनं लिहिलेला नंबर वाचला आणि मागच्या माणसाला उतरवून घ्यायला सांगितला. मग माझा ओला हात हातात घेऊन जोरजोरात हलवला. कॅमेरेवाल्यानं फोटो काढला.

ट्रॉली तिच्या शाळेची होती. मुख्याध्यापकांपासून शिपायापर्यंत सगळ्यांनी मिळून भरलेली, तिच्या वाट्याचं वजनही त्यातच.

चार दिवसांनी चौकातल्या त्या फलकासमोर मंडप घातला. मला खुर्चीवर बसवलं. नवा दुभाषी आला होता, टाय लावलेला, तो हिंदी नाही, मोडकं इंग्रजी बोलायचा. आधी शाळेची माणसं मंचावर ओळीनं उभी केली. मुख्याध्यापक म्हातारे होते, छातीवर कसलंसं पदक होतं. त्यांनी कागदावरून स्वतःचा गुन्हा वाचला. वाचताना त्यांचा चष्मा घसरत होता आणि तो वर करायला त्यांचा हात मोकळा नव्हता, कारण दोन्ही हातांनी कागद धरायचा असं बहुतेक सांगितलेलं होतं. शेवटी त्यांनी छातीवरचं पदक काढून टेबलावर ठेवलं. ओळीत डावीकडून पाचवी माझी दुभाषी होती. तिनंही वाचलं. दोनच वाक्यं होती. मी नव्या दुभाष्याला विचारलं, ती काय म्हणाली? तो म्हणाला, चूक झाली म्हणते. तिनं माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही.

मग माझं नाव पुकारलं आणि झगा अंगावर घातला. आम्ही सगळे एकाच मंचावर होतो. लोकांनी आमच्या दोघांसाठीही टाळ्या वाजवल्या, तिच्या कबुलीला आणि माझ्या झग्याला, सारख्याच लयीत. माझे हात बाह्यांत गडप झाले होते. मला नमस्कारही करता आला नाही.

त्यानंतर तिला मी एकदाच पाहिलं. गाडीतून जाताना, शेतात. शेजारी एक म्हातारी होती, तिची आई असणार. त्या शेतात वेचायला काही उरलेलंच नव्हतं. दोघी नख्यांतून चिकटलेले तंतू काढत होत्या. मी ड्रायव्हरला गाडी थांबवायला सांगितली नाही. थांबवली असती तर तिला आणखी त्रास झाला असता असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. ते खरंही असेल. पण मला तिच्यासमोर उभं राहायचं नव्हतं, हे त्याहून खरं.

त्या कागदाचं काय झालं म्हणून मी संचालकाला विचारलं. टायवाल्यानं भाषांतर केलं. संचालक हसला आणि मला टरबूज कापून दिलं. यंत्रं उत्तम आहेत म्हणाला, आणखी मागवणार आहोत. विमानतळावर माझ्या पासपोर्टवर शिक्का मारायला चहा गार व्हायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. वर्ध्याला पोचल्यावर मी तिला मोबाइलवर निरोप पाठवला, एवढंच की पोचलो, तुम्ही कशा आहात. त्यावर अजून एकच खूण आहे, गेल्याची. पोचल्याची दुसरी आलीच नाही. जानेवारी येऊन गेला. बाळाला आजी दिसली की नाही मला माहीत नाही. नसेलच दिसली.

इथे लोकांना गोष्टी ऐकायच्या होत्या. बोरगाव मेघेच्या वळणावर आमची चहाची टपरी आहे, तिथे रोजचे चार-पाचजण बसतो. त्यात शाळेतून निवृत्त झालेले एक गुरुजी आहेत. मी वेचणीचं सांगितलं तर त्यांनी मांडीवर थाप मारली. "असंच पायजे! आपल्याइकडं लय मोकाट सुटले सारे. धाक नाई कोनाले. मास्तरायले, डाक्टरायले लावा कापूस येचाले, मंग पाहा देश कसा सुधरते."

मी म्हणालो, "गुरुजी, तुमाले लावू काय उद्या हिंगणीले? माह्या भावाचा कापूस झाडावर लोंबून राह्यला."

"मी रिटायर झालो जी," ते म्हणाले, आणि सगळे हसले.

"तिथं रिटायर मानसालेबी नेतात," मी म्हणालो. "म्हाताऱ्या बायायले नेतात. आन् मंग सगळ्या गावापुढं उभं करून कागद वाचाले लावतात. तुमचा चष्मा घसरला त वरतं बी करू देत नाई." माझा आवाज चढला असावा. टपरीवाल्यानं वळून पाहिलं. गुरुजी थोडे दुखावले. म्हणाले, "भाऊ, मी त गंमत केली. तुमी त तिथून बक्षीस घेऊन आले न? मंग काऊन नावं ठेवून राह्यले?"

ते बरोबर बोलत होते. मग त्यांनी नेहमीप्रमाणे मंत्र्याला एक सणसणीत शिवी घातली आणि दुसरा चहा मागवला. कोणीही मागे वळून पाहिलं नाही. मला त्या क्षणी गुरुजींचा राग आला आणि हेवाही वाटला. ज्याला शिवी देता येते त्यालाच धाकाची हौस असते. जे धाकात राहतात ते काही मागत नाहीत, फक्त पंधरा दिवस उरलेत, मशीन हळू चालवा, एवढं म्हणतात.

या हंगामात मी सेलूच्या एका जिनमध्ये आहे. गाडी आली की मालक म्हणतो, "पाहा बरं काकाजी, ओला हाय काय." मी वरवर हात फिरवतो आणि ठीक आहे म्हणतो. मालकाला वाटतं मी म्हातारा झालो. गाडीवाले खूश आहेत, त्यांनी माझ्या काळात पाण्याची चंगळ चालवली आहे. परवा एक रोलर जळाला. मी तो मुकाट्यानं घासत बसलो.

घरी मी सगळं सांगितलंय. दुभाषी सांगितली, तिची रोटी, तिची मुलगी, कागद, मंच. बायको रडली. मग म्हणाली, "पन तुमाले का माईत ती ट्राली कोनाची होती? अवो, तुमचा काय दोष त्यात?" झगा तिनं त्यानंतरच चौकटीत घातला. नवरा भोळा आहे, परक्या मुलखात खरं बोलला आणि खरं बोलण्याचं बक्षीस घेऊन आला, असं तिला वाटतं. भावालाही असंच वाटतं. वर जे लिहिलं ते वाचून तुम्हालाही असंच वाटलं असेल, कारण एक वाक्य मी घरीही गाळलं आणि इथेही गाळलं.

मी तरातरा आवारात चाललो होतो तेव्हा ती माझ्या मागून जवळजवळ पळत येत होती. ट्रॉलीच्या चाकावर मी पाय ठेवला तेव्हा तिनं माझी बाही धरली. म्हणाली, "इसमें नहीं. ये हमारे स्कूल की है. दूसरी में डालिए, लेकिन इसमें नहीं."

मला स्वच्छ ऐकू आलं होतं. शेजारी दुसरी ट्रॉली उभी होती. पण तिकडे जायला दहा पावलं लागली असती, संचालक मागून बघत होता, आणि माझ्या कामाला कोणीतरी नावं ठेवली होती. मी बाही सोडवून घेतली आणि हात घातला.

बायकोला हे माहीत नाही. ती हे वाचेल तेव्हा कळेल. मग झगा भिंतीवर ठेवायचा की काढायचा, ते तिनं ठरवावं.